धरणाची मुदत संपते तेव्हा

मोटार चालविण्याचा परवाना ठराविक वर्षांपुरताच असतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. मुदत संपली की नवा अर्ज करावा लागतो. पण एखाद्या धरणालाही असा मुदतीचा परवाना असतो, आणि मुदत संपली म्हणजे त्याच्या मालकाला पुन्हा अर्ज घेऊन उभे राहावे लागते, असे कोणी सांगितले तर? धरण म्हणजे काँक्रीटचा आणि मातीचा डोंगर. तो काही दर पन्नास वर्षांनी जागा बदलत नाही. मग त्याला मुदत कसली?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही पद्धत शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. नदी ही सर्वांची आहे. खाजगी कंपनीने तिच्या पाण्यावर वीज जरूर करावी, पण ती नदी कायमची तिच्या पदरात टाकू नये, या विचाराने १९२० साली तेथे एक कायदा झाला. जलविद्युत् प्रकल्पाला परवाना द्यावयाचा तो जास्तीत जास्त ५० वर्षांचा, अशी त्यात तरतूद होती. (हूव्हर धरणासारखी सरकारने स्वतः बांधलेली धरणे यात येत नाहीत.) मुदत संपत आली की संघीय ऊर्जा नियामक आयोगापुढे नव्याने सुनावणी होते. १९८६ मध्ये या कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. परवाना देताना विजेचा विचार जितक्या गंभीरपणे करावयाचा, तितक्याच गंभीरपणे मासे, वन्य प्राणी, त्यांचे अधिवास आणि लोकांना होणारा नदीचा उपयोग यांचाही विचार आयोगाने केला पाहिजे, असे तिने ठरविले.

ऐकावयास हे सोपे वाटते. पण वीज मोजतात किलोवॉटमध्ये आणि मासे मोजतात संख्येने. या दोहोंचा एकत्र विचार करावयाचा कसा? हे समजून घ्यावयाचे तर आधी थोडे भौतिकशास्त्र आणि मग एका खऱ्या नदीची हकीकत पाहावी लागेल.

एका घनमीटराची किंमत

एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम. ते एक मीटर खाली आले की ९,८०० ज्यूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. दर सेकंदाला एक घनमीटर पाणी एक मीटर खाली येत असेल, तर मिळणारी शक्ती ९.८ किलोवॉट. टर्बाइन आणि जनित्र यांत थोडी ऊर्जा वाया जाते. म्हणून आपण असे सूत्र लिहू:

शक्ती (किलोवॉट) = ९.८ × प्रवाह (घनमीटर प्रतिसेकंद) × उंची (मीटर) × कार्यक्षमता

चांगल्या वीजघराची कार्यक्षमता ०.८५ धरावयास हरकत नाही.

सूत्राकडे नीट पाहा. वीज वाढवावयाची तर दोनच वाटा आहेत: टर्बाइनमधून अधिक पाणी सोडणे किंवा ते अधिक उंचीवरून आणणे. आपल्या कोयनेच्या मुख्य वीजघरांना सह्याद्रीच्या कड्यामुळे साडेचारशे मीटरहून अधिक उंची मिळते, म्हणून तेथे थोड्या पाण्यात पुष्कळ वीज होते. जेथे असा कडा नाही, तेथे उंची मिळविण्यासाठी काहीतरी युक्ती करावी लागते. ही युक्ती काय असते आणि तिची किंमत कोण मोजतो, ते आता पाहू या.

क्लॅमथ नदी

अमेरिकेच्या पश्चिमेस ऑरेगन राज्यात अपर क्लॅमथ नावाचे मोठे उथळ सरोवर आहे. त्याच्या परिसरातून क्लॅमथ नदी निघते, कॅलिफोर्नियात शिरते आणि सुमारे ४०० किलोमीटरचा प्रवास करून पॅसिफिक महासागराला मिळते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सामन माशांच्या बाबतीत एके काळी या नदीचा क्रमांक तिसरा होता.

सामन माशाचे आयुष्य मोठे विलक्षण असते. त्याची अंडी नदीच्या वरच्या भागातील थंड, स्वच्छ पाण्यात, तळाच्या गोट्यांमध्ये उबतात. पिल्ले वाढत वाढत समुद्राकडे जातात. तेथे काही वर्षे काढून मोठे झालेले मासे पुन्हा त्याच नदीत शिरतात आणि वासाच्या खुणेने आपल्या जन्मस्थानाकडे प्रवाहाविरुद्ध चढत जातात. तेथे अंडी घालून बहुतेक मासे मरतात. त्यांच्या शरीरातील द्रव्ये त्या ओढ्याला, काठच्या झाडांना आणि प्राण्यांना मिळतात. म्हणजे समुद्रातील अन्न डोंगरात पोहोचविणारी ही एक वाहतूकच झाली. युरोक, कारुक, क्लॅमथ वगैरे आदिवासी जमाती हजारो वर्षे या माशांवर जगत आल्या. क्लॅमथ लोकांना तर १८६४ च्या तहाने मासेमारीचा हक्क लेखी मिळालेला होता.

या नदीवर एका वीज कंपनीने एकामागून एक धरणे बांधली. कॉपको क्रमांक १ (१९१८), कॉपको क्रमांक २ (१९२५), जे. सी. बॉईल (१९५८) आणि आयर्न गेट (१९६२) ही त्यांतील चार मुख्य. चौघांची मिळून स्थापित क्षमता १६३ मेगावॉट होती. यांपैकी कॉपकोच्या धरणांना व आयर्न गेटला मासे वर चढण्यासाठी कसलीही सोय नव्हती. कॉपको क्रमांक १ च्या बांधकामापासूनच सामनची वरची वाट बंद झाली. क्लॅमथ लोकांच्या हातात तहाचा कागद राहिला, पण नदीत मासा राहिला नाही.

प्रकल्पाचा ५० वर्षांचा परवाना १९५६ पासून होता. त्याची मुदत २००६ च्या फेब्रुवारीअखेर संपली.

एकवीस मीटरचे धरण आणि एकशेचाळीस मीटरची उंची

या धरणांमधील एक कोडे पाहा. आयर्न गेट धरण ५३ मीटर उंच, त्याचे वीजघर १८ मेगावॉटचे. जे. सी. बॉईल धरणाची उंची अवघी २१ मीटर, पण त्याचे वीजघर ९८ मेगावॉटचे! नदी तीच, पाणी जवळजवळ तेवढेच. मग अर्ध्याहून कमी उंचीच्या धरणातून पाचपट वीज कशी मिळाली?

याचे उत्तर नदीच्या उतारात आहे. जे. सी. बॉईल धरणाखाली नदी खोल दरीत शिरते आणि वेगाने उतरते. अभियंत्यांनी धरणाजवळ पाणी अडवून ते एका कालव्यात घेतले. हा कालवा डोंगराच्या कुशीतून जवळजवळ सपाटीने पुढे नेला. नदी खाली उतरत गेली, कालवा वरच राहिला. पुढे बोगदा आणि पोलादी नळ यांमधून ते पाणी एकदम खाली वीजघरात सोडले. त्यामुळे उंची मिळाली सुमारे १४० मीटर. कसलाही उंच बांध न घालता नदीच्या स्वतःच्या उतारातून ही उंची काढली, ही मोठी हुशारीच म्हटली पाहिजे.

पण कालव्यातून जे पाणी गेले, ते नदीतून गेले नाही. धरण आणि वीजघर यांच्यामधील नदीचे सुमारे ७ किलोमीटर पात्र त्यामुळे उपाशी राहिले. वीजघर पूर्ण शक्तीने चाले तेव्हा कालव्यातून सेकंदाला ऐंशीच्या आसपास घनमीटर पाणी जाई. धरणातून जुन्या पात्रात मात्र तीन घनमीटरांपेक्षाही कमी पाणी सोडले जाई. पुढे काही झरे मिळत, तेवढाच त्या पात्राला आधार.

आता आपले सूत्र वापरू. उंची १४० मीटर, कार्यक्षमता ०.८५. एक घनमीटर प्रतिसेकंद पाण्यापासून मिळणारी शक्ती:

९.८ × १ × १४० × ०.८५ = सुमारे १,१६६ किलोवॉट

म्हणजे सव्वा मेगावॉटच्या आतबाहेर. दर सेकंदाला एक घनमीटर पाणी माशांसाठी जुन्या पात्रात सोडले की तितकी वीज हातची गेली. दहा घनमीटर सोडले तर सुमारे १२ मेगावॉट गेली. नव्या परवान्यासाठी होणाऱ्या वादाचे मूळ या साध्या गुणाकारात आहे. मासे आणि वीज यांचा विचार एकत्र कसा करावयाचा, हा प्रश्न आपण वर विचारला होता. त्याची पहिली पायरी ही: पाण्याच्या प्रत्येक घनमीटराची वीज किती आणि त्याच घनमीटराने नदीत काय जगते, हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडावयाचे.

वीजघर चालविण्याची पद्धतही महत्त्वाची असते. विजेची मागणी दिवसाच्या काही तासांतच जास्त असते. म्हणून जे. सी. बॉईलचे वीजघर पाणी साठवून ठेवून त्या तासांत जोराने चालवीत. परिणामी वीजघराच्या खाली नदी रोज चढे आणि उतरे. पाणी भराभर उतरले म्हणजे काठाजवळच्या उथळ पाण्यात असलेली लहान पिल्ले डबक्यांत अडकतात आणि मरतात. नव्या परवान्यांत म्हणूनच पाणी तासाला किती वेगाने कमी-अधिक करावे, याचीही मर्यादा घातली जाते.

चढण आणि उतरण

मासा उडी मारून धरण ओलांडू शकणार नाही काय? हिशेब करून पाहा. पाण्यातून वर उसळणाऱ्या माशाला २ मीटर उंची गाठावयाची, तर सुटतानाचा वेग २ × ९.८ × २ याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सेकंदाला सुमारे ६.३ मीटर हवा. जोमदार सामनला हे साधते. पण आयर्न गेटचे ५३ मीटर ओलांडावयाचे तर सेकंदाला सुमारे ३२ मीटर, म्हणजे ताशी ११५ किलोमीटरांहून अधिक वेग लागेल! मासा कितीही तगडा असला तरी हे अशक्य.

यावर उपाय म्हणजे मत्स्यसोपान, अर्थात माशांसाठी बांधलेला जिना. लहान लहान कुंडे एकापेक्षा एक वर अशी बांधतात आणि त्यांतून पाणी खेळते ठेवतात. दोन कुंडांत ३० सेंटिमीटरांचा फरक ठेवला, तर ५३ मीटरांसाठी सुमारे १७५ पायऱ्या होतात. मासा पायरी पायरीने चढतो, मध्ये विसावा घेतो. असा जिना बांधावयास खर्च फार, आणि त्यातून वाहणारे पाणीही टर्बाइनला मिळत नाही.

वर चढणे हा अर्धाच प्रश्न झाला. पिल्लांना समुद्राकडे खाली उतरावे लागते, आणि तेथे टर्बाइन आडवे येते. पात्यांचा मार असतोच, पण दाबातील बदल अधिक घातक ठरू शकतो. बॉईलचा नियम तुम्हांला ठाऊक आहे: तापमान कायम असता दाब निम्मा झाला की वायूचे आकारमान दुप्पट होते. (हे रॉबर्ट बॉईल सतराव्या शतकातले, आपल्या धरणाला ज्यांचे नाव दिले ते जॉन बॉईल वीज कंपनीचे अभियंता!) माशाच्या पोटात वाताशय नावाची हवेची पिशवी असते. दहा मीटर खोलीवर पोहणाऱ्या पिल्लावर दोन वातावरणांइतका दाब असतो. टर्बाइनच्या पात्यांमागे तो क्षणार्धात एका वातावरणावर किंवा त्याहूनही खाली येतो. वाताशय एकदम दुप्पट फुगतो आणि फाटतो. म्हणून टर्बाइनच्या तोंडाशी बारीक जाळ्या बसवून पिल्लांना वेगळ्या वाटेने काढून द्यावे लागते.

जलाशयाची ऊब

वाहत्या नदीचे तापमान हवेबरोबर लवकर बदलते. जलाशयाचे तसे नसते. आयर्न गेट जलाशयात ढोबळमानाने सहा कोटी घनमीटर पाणी होते असे धरू. पाण्याची विशिष्ट उष्णता किलोग्रॅमला प्रत्येक अंशासाठी ४,२०० ज्यूल. एवढे पाणी एका अंशाने थंड व्हावयाचे तर सुमारे सात कोटी युनिट ऊर्जा बाहेर पडली पाहिजे. आयर्न गेटचे १८ मेगावॉटचे वीजघर रात्रंदिवस पूर्ण शक्तीने चालविले, तर तेवढी ऊर्जा निर्माण करण्यास त्याला पाच महिन्यांहून अधिक काळ लागला असता. आणि हे फक्त एका अंशासाठी!

त्यामुळे उन्हाळ्यात साठलेली उष्णता जलाशय शरद ऋतूतही धरून ठेवी. नेमके त्याच वेळी समुद्रातून परतणारे चिनूक जातीचे सामन थंड पाण्याच्या शोधात वर येत, आणि धरणातून त्यांच्या अंगावर कोमट पाणी येई. गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी विरघळतो. १० अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहू शकतो, २० अंशांना सुमारे ९.१ मिलिग्रॅम. शिवाय उन्हाळ्यात संथ, उबदार जलाशयात नील-हरित शैवल माजे. त्याच्या काही जाती विषारी असतात. म्हणून या जलाशयांच्या काठी पाण्यात उतरू नका असे फलक लावावे लागत.

२००२ च्या सप्टेंबरमध्ये क्लॅमथच्या खालच्या भागात किमान ३४,००० मासे मेले. त्यांतील बहुतेक चिनूक सामन होते. पाणी कमी आणि कोमट होते, मासे दाटीने जमले आणि त्यांच्यात कल्ल्यांचे रोग पसरले. याचा दोष एकट्या वीजधरणांवर टाकणे बरोबर होणार नाही. त्या दुष्काळी वर्षात वरच्या खोऱ्यातील शेतीसाठी पाणी उचलले होते आणि नदीत थोडेच उरले होते. पण नदी किती अशक्त झाली आहे, हे या घटनेने सर्वांच्या डोळ्यांपुढे आले.

नव्या परवान्याचा हिशेब

धरणांची मालकी तोवर पॅसिफिकॉर्प या कंपनीकडे आली होती. २००४ मध्ये तिने नव्या परवान्यासाठी अर्ज केला. १९५६ आणि २००६ यांच्यामध्ये जग बदलले होते. १९७२ मध्ये पाण्याच्या शुद्धतेचा आणि १९७३ मध्ये दुर्मिळ होत चाललेल्या जीवजातींच्या रक्षणाचा कायदा झाला होता. १९९७ मध्ये या नदीतील कोहो जातीच्या सामनची नोंद संकटग्रस्त जातींत झाली होती.

अमेरिकी कायद्यात एक विशेष कलम आहे. धरणावर माशांसाठी वाट करा असे मत्स्य आणि वन्यजीव खात्यांनी सांगितले, तर आयोगाला ती अट परवान्यात घालावीच लागते. २००६ मध्ये या खात्यांनी चारही धरणांवर चढण्याउतरण्याच्या वाटा मागितल्या आणि जुन्या पात्रात पूर्वीच्या कित्येक पट पाणी सोडावे असेही सांगण्यात आले. कंपनीने हरकत घेतली. वरच्या भागात सामन पूर्वी खरोखर जात होते काय, येथून वाद सुरू झाला. जुनी कागदपत्रे, छायाचित्रे, आदिवासींच्या परंपरागत आठवणी हे सारे पुराव्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरात न्यायाधीशांनी मुख्य मुद्द्यांवर खात्यांचे म्हणणे मान्य केले.

२००७ मध्ये आयोगाच्या पर्यावरणविषयक अहवालाने पुढचे गणित मांडले. या अटी पाळून धरणे चालविली, तर विजेच्या उत्पन्नापेक्षा खर्चच अधिक होणार होता. चार धरणांची क्षमता १६३ मेगावॉट असली तरी सबंध वर्षाचे सरासरी उत्पादन त्याच्या निम्म्याच्या आसपास होते. कंपनीच्या एकूण विजेच्या ते दोन टक्क्यांहूनही कमी भरे. एवढ्या विजेसाठी जिने, जाळ्या आणि सोडलेले पाणी यांचा खर्च करावयाचा की धरणेच काढून टाकावयाची?

येथे एक गैरसमज होऊ देऊ नका. परवान्याची मुदत संपली की धरण पडते, असा नियम नाही. बहुतेक धरणांना नव्या अटींसह नवा परवाना मिळतो आणि ती चालू राहतात. परवाना नाकारण्याचे प्रसिद्ध उदाहरण मेन राज्यातील केनेबेक नदीवरच्या एडवर्ड्स धरणाचे. १८३७ मधील हे जुने धरण फक्त ३.५ मेगावॉट वीज देई. मालकाच्या इच्छेविरुद्ध परवाना नाकारून धरण काढावयास आयोगाने १९९७ मध्ये प्रथमच सांगितले, आणि १९९९ मध्ये ते काढले गेले.

क्लॅमथवर मात्र निर्णय तडजोडीने झाला. २०१० मध्ये कंपनी, दोन राज्ये, आदिवासी जमाती आणि इतर यांच्यात करार झाला. २०१६ मध्ये तो सुधारला. खर्चासाठी ४५ कोटी डॉलर ठरले: २० कोटी वीजग्राहकांकडून, २५ कोटी कॅलिफोर्नियाच्या रोख्यांतून. या सगळ्या काळात धरणे एकेका वर्षाच्या परवान्यावर चालू होती. शेवटी १७ नोव्हेंबर २०२२ रोजी आयोगाने परवाना परत घेण्यास आणि चारही धरणे काढण्यास संमती दिली. म्हणजे मुदत संपल्यानंतर निर्णय व्हावयास सोळा वर्षांहून अधिक काळ गेला.

बाटलीतील सोडा आणि सामनची पिल्ले

२०२३ मध्ये कॉपको क्रमांक २ काढले. २०२४ च्या जानेवारीत उरलेले जलाशय रिते करण्यास सुरुवात झाली. तळाशी साठलेला गाळ, जो मुख्यतः मेलेल्या शैवलाचा होता, नदीतून वाहू लागला. काही दिवस पाणी काळपट झाले, त्यातील ऑक्सिजन घटला आणि जलाशयातील बरेच मासे मेले. हे होणार याची कल्पना आधीच होती.

कल्पना नव्हती ती वेगळ्याच गोष्टीची. फेब्रुवारीच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या मत्स्य खात्याने चिनूक सामनची सुमारे ८ लाख ३० हजार पिल्ले एका ओढ्यात सोडली. हा ओढा आयर्न गेट धरणाच्या वरच्या बाजूस होता. धरण अजून उभे होते; पाणी त्याच्या पायथ्याच्या जुन्या बोगद्यातून वाहत होते. पिल्ले त्या बोगद्यातून खाली गेली आणि फार मोठ्या संख्येने मेली. तपासणीत वायूच्या बुडबुड्यांच्या विकाराची लक्षणे दिसली.

हे का घडले? सोडावॉटरची बाटली आठवा. दाब अधिक असताना पाण्यात अधिक वायू विरघळतो. झाकण उघडताच दाब उतरतो, आणि वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो. दाबात मोठी उलथापालथ झाली तर हेच माशाच्या रक्तात आणि कल्ल्यांत घडते. खोल समुद्रातून घाईने वर येणाऱ्या पाणबुड्यांनाही असाच विकार होतो. त्यानंतर पिल्ले धरणाच्या खाली सोडण्यात येऊ लागली. माशांसाठी काम करणाऱ्यांनासुद्धा भौतिकशास्त्र विसरून चालत नाही, हा धडा त्या पिल्लांच्या जिवावर मिळाला.

२०२४ च्या शरद ऋतूच्या सुरुवातीस शेवटचे धरण निघाले. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी जे. सी. बॉईल धरणाच्या जागेच्या वर, ऑरेगनमधील एका उपनदीत चिनूक सामन आढळला. १९१२ नंतर समुद्रातून ऑरेगनच्या त्या भागात पोहोचलेला हा पहिला मासा. कोणी त्याला उचलून नेले नव्हते. वाट मोकळी झाली आणि तो गेला.

सर्व प्रश्न यामुळे सुटले असे नाही. वरच्या बाजूस कीनो आणि लिंक रिव्हर ही दोन धरणे अजून आहेत; तेथे माशांसाठी जिने आहेत. शेतीच्या पाण्याचा वाद चालूच आहे. कॉपको जलाशयाच्या काठी ज्यांची घरे होती, त्यांच्या दारातले तळे गेले, आणि त्यांचे दुःख खोटे नाही. धूर न सोडणारी १६३ मेगावॉटची वीजघरेही गेली. ती तूट दुसरीकडून भरून काढावी लागते. या बाजूचे आकडेही हिशेबात लिहिले पाहिजेत. तसे लिहिले गेले, म्हणूनच या निर्णयाला इतकी वर्षे लागली. परवान्याला मुदत नसती तर हा हिशेब मांडण्याची वेळ कोणावर आलीच नसती. १९५६ साली ठरलेले तीन घनमीटर पाणी नदीला आजही तेवढेच मिळत राहिले असते.

करून पाहा

१. सोडावॉटरच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. एक बर्फाच्या पाण्यात आणि दुसरी कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा. दोन्ही मोरीत नेऊन सावकाश उघडा. कोणती अधिक फसफसते? वायू विरघळणे आणि तापमान यांचा संबंध लिहा.

२. एका धरणाखाली नदीच्या १० किलोमीटर पात्रात पाणी सोडले जात नाही. वीजघराला मिळणारी उंची ६० मीटर आहे. नदीत सेकंदाला ४ घनमीटर पाणी सोडावयाचे ठरले, तर किती किलोवॉट शक्ती कमी होईल? कार्यक्षमता ०.८५ धरा. (उत्तर: सुमारे २,००० किलोवॉट.)

३. सहलीला एखादे धरण पाहावयास जाल, तेव्हा तेथील अभियंत्यांना तीन प्रश्न विचारा. वीजघराला मिळणारी उंची किती? धरण आणि वीजघर यांच्यामध्ये नदीचे पात्र किती किलोमीटर आहे? आणि उन्हाळ्यात त्या पात्रात सेकंदाला किती पाणी सोडतात? ही तीन उत्तरे मिळाली की पुढचा हिशेब तुम्हांला स्वतः करता येईल. शिक्षकांनी तो वर्गात फळ्यावर मांडून घ्यावा.